हवाईयन गिटारवर हवाईचंच गाणं कसं बसवावं

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक बारसं होतं. पाळणे म्हणून झाले, गोविंद घ्या-गोपाळ घ्या झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि बाळाची आजी म्हणाली, "मावशी, तुमची ती मांडीवरची गिटार आणा ना, काहीतरी गोड वाजवा." मी त्या आठवड्यात एक हवाईयन गाणं नुसतं ऐकून बसवलं होतं, 'काउलाना ना पुआ'. चाल उड्या मारत जाणारी. पुआ म्हणजे फूल, एवढं कुठेतरी वाचलेलं. फुलांचं गाणं, बारशाला आणखी काय हवं? वाजवलं. टाळ्या पडल्या, बाळसुद्धा झोपलं.

घरी येऊन शब्दांचा अर्थ काढला. म्हणजे वाजवून झाल्यावर!

ते गाणं १८९३ सालचं. त्या जानेवारीत हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून उतरवलं गेलं. नव्या सरकारने राजवाड्याच्या बँडमधल्या वादकांना एकनिष्ठेच्या कागदावर सही करायला सांगितलं. ते नाही म्हणाले. मग पोट कशाने भराल, दगड खाल का, असं त्यांना ऐकवण्यात आलं. ते वादक एलन प्रेंडरगास्ट या राणीच्या मैत्रिणीकडे गेले आणि तिने त्यांच्यासाठी हे गाणं रचलं. त्यातली फुलं म्हणजे त्या मातीची लेकरं. सरकारच्या पैशाची आम्हाला मातब्बरी नाही, आमच्या भूमीचे दगड आम्हाला पुरेत, असं ते सांगतात. 'दगड खाण्याचं गाणं' हे त्याचं दुसरं नाव. म्हणजे घुगऱ्यांच्या पाठोपाठ मी लोकांना दगड वाढून आले होते.

तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी उलट्या क्रमाने शिकवते. आधी गाव, मग शब्द, मग तार. हे त्यांच्यासाठी लिहिलेलं टिपण जरा वाढवून इथे देते. तुमच्या घरात माळ्यावर कुणाची तरी जुनी हवाईयन गिटार पडलेली असेल तर खाली काढा, तारा बदला आणि वाचा.

माझ्याबद्दल दोनच ओळी. मी ठाण्याच्या नौपाड्यातली. १९७८ साली, आठवीत असताना, राम मारुती रोडच्या एका माडीवर सरांकडे ही गिटार शिकायला लागले. सरांकडे सुनील गांगुलींच्या रेकॉर्डी होत्या. आम्ही सिनेमाची गाणी, भावगीतं, फार झालं तर एखादी धून वाजवायचो. शेजारच्या आजी विचारायच्या, "हवाई गिटार म्हणजे विमानात वाजवतात का गं?" आम्ही हसायचो. पण हवाईचं एक गाणं येतं का असं त्यांनी विचारलं असतं तर मला खाली बघावं लागलं असतं, आणि पुढची चाळीस वर्षं तसंच बघावं लागलं असतं.

आता मुद्द्याला येते. गाणं निवडलंत की पहिल्या दिवशी गिटारला हात लावायचा नाही. नकाशा उघडायचा. हवाईचं गाणं बहुतेक वेळा कुठल्या तरी ठिकाणाचं नाहीतर कुठल्या तरी माणसाचं असतं, आणि पुष्कळदा ठिकाणाच्या आडून माणसाचं. तिथल्या माणसांनी वाऱ्यांना आणि पावसांना गावागणिक नावं दिली आहेत. हिलोचा पाऊस कानिलेहुआ, मानोआ खोऱ्यातला तुआहिने. गाण्यात नुसतं पावसाचं नाव आलं की ऐकणाऱ्याला गाव कळतं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. वळीव, मृगाचा, तरणा, म्हातारा, हत्तीचा, परतीचा अशी नावं माझ्या आजीच्या तोंडात रोजची होती. आपण ती विसरून "हेवी रेन" म्हणायला लागलो, हा आपला दोष.

दिशांचंही तसंच. तिथे उका म्हणजे डोंगराच्या अंगाला, काई म्हणजे समुद्राच्या अंगाला. ठाण्यात आपण रुळांमुळे ईस्ट-वेस्ट म्हणतो. पण जुन्या बायका येऊरच्या डोंगराकडे आणि खाडीकडे असंच सांगायच्या. शब्द वाचताना हे दोन मनात ठेवलेत तर अर्धं गाणं डोळ्यांसमोर उभं राहतं. आणखी पाच-सहा शब्द पाठ करा: उआ पाऊस, मकानी वारा, वाई गोडं पाणी, पाली कडा, लानी आकाश, लेई फुलांची माळ. वाई आणि पाली लक्षात ठेवायला तर आपल्याला काही कष्टच नाहीत. कृष्णेकाठचं वाई आहे आणि सरसगडाच्या कड्याखालचं पाली आहे. निव्वळ योगायोग, पण पोरांना चटकन पाठ होतं.

उच्चारात मराठी माणसाची चैन आहे. लिपीत तेरा अक्षरं, त्यातले पाच स्वर. शब्दाचा प्रत्येक तुकडा स्वराने संपतो, जोडाक्षर नावाला नाही. फक्त एका अक्षराशी सांभाळून. त्याला ओकिना म्हणतात आणि तो आवाज नसून आवाजाची अडवणूक आहे. लहान मूल नको म्हणताना तोंड मिटून "अं-अं" करतं ना, मधे घसा क्षणभर बंद होतो, तोच ओकिना. तो गाळलात तर अर्थ पालटतो. 'कोउ' म्हणजे तुझं, 'को' म्हणून क्षणभर घसा अडवून 'उ' म्हटलं की माझं. प्रेमगीतात एवढी चूक महागात पडेल. शब्द आणि भाषांतर 'हुआपाला' या संग्रहात मिळतात, एकेक शब्द 'वेहेवेहे' या कोशात बघता येतो. दोन्ही इंटरनेटवर आहेत. ओळ वहीत देवनागरीत उतरवा, ओकिनाच्या जागी लाल टिंब द्या, आणि गिटार पेटीत असतानाच ती आठ दिवस गुणगुणा. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये, कुठेही.

आता एक गाणं जवळून दाखवते.

१८९५ साली लिलिउओकलानी कैदेत होती. तिच्याच इओलानी राजवाड्यातल्या माडीवरच्या एका खोलीत तिला ठेवलं होतं. वर्तमानपत्र द्यायचं नाही असा हुकूम होता. कागद आणि शिसपेन्सिल मात्र मिळायची. बाई मुळातच संगीतकार, दीडशेच्या वर गाणी तिच्या नावावर आहेत. तिने कागदावर हाताने पाच-पाच रेघा ओढल्या, आणि जवळ वाद्य नसल्यामुळे नुसत्या गळ्याने सूर जोखत स्वरलेखन केलं. बाहेर तिच्या एका सखीचा मुलगा तिच्या बागेतली फुलं घेऊन यायचा. फुलं वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पहारेकऱ्यांना फुलं दिसायची, राणीला बातम्या मिळायच्या. मुलगा पुढे होनोलुलूचा महापौर झाला.

जांभळी नाक्यावर गजरा घेताना पानात बांधलेली पुडी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून मिळते, ती सोडताना मला दर वेळी हे आठवतं.

त्या फुलांवर तिने रचलेलं गाणं 'कुउ पुआ इ पाओआकलानी'. झुळूक येते आणि कधी न कोमेजणाऱ्या एका फुलाची आठवण देते, ते पाओआकलानी या तिच्या घराच्या वरच्या अंगाला फुललेलं. पुढे ती म्हणते, उलुहाइमालामाच्या फुलांचं देखणेपण मी जाणते, पण माझ्या त्या फुलाची सर त्यांना नाही. उलुहाइमालामा ही १८९४ साली राणीच्या माणसांनी तिच्यासाठी लावलेली बाग. वरवर फुलांचं कौतुक. कुणाचंही नाव नाही, तक्रार तर नाहीच नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं. या आतल्या अर्थाला तिथे काओना म्हणतात. भारूड ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. विंचू चावला म्हणजे विंचूच चावला असं आपण कुठे धरतो?

तर गाणं बसवताना वहीत डावीकडे शब्दांचा अर्थ आणि उजवीकडे काओना, अशी दोन पानं ठेवा. उजवं पान पुष्कळदा रिकामं राहील. राहू दे.

पहिलं गाणं म्हणून मात्र 'आलोहा ओए' घ्या, सोपं पडेल. तेही राणीचंच, राजकन्या असतानाचं, साधारण १८७८चं. ओआहू बेटावर माउनाविली इथे एका कुटुंबाच्या वाडीवरून घोड्यावर परतताना तिने एका जोडप्याची निरोपाची मिठी पाहिली आणि वाटेतच चाल तिच्या ओठांवर आली. सुरुवातीची ओळ पावसाची आहे, कड्यांवरून मानाने सरकत जाणारा पाऊस. जुलैत उपवन तलावाशी उभं राहून येऊरकडे बघा. पडदा डोंगरावरून सरकत खाली येतो आणि आपल्यापर्यंत पोचायला दोन मिनिटं घेतो. त्या लयीत वाजवायचं. हॉटेलातल्या पार्श्वसंगीतात ते लाडिक करून वाजवतात, तसं करू नका.

आता गिटार काढा. सरांनी मला उघडा ई मेजर, म्हणजे मोकळ्या ताराच त्या सुरांत जुळवायची पद्धत, शिकवला होता: ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. हवाईच्या जुन्या वादकांचा ए मेजर सूर ई, ए, ई, ए, सी शार्प, ई असा लागतो, पण साध्या गिटारच्या तीन तारा त्यासाठी दोन-दोन पडद्यांइतक्या ताणाव्या लागतात आणि जुनी तार डोळ्यांदेखत तुटते. माझी तुटली आहे, हनुवटीवर ओरखडा आला. म्हणून तुम्ही जी मेजर लावा. जाड तारेपासून डी, जी, डी, जी, बी, डी. नेहमीच्या सुरांतल्या सहाव्या, पाचव्या आणि पहिल्या तारा दोन-दोन पडद्यांइतक्या सैल करायच्या, बाकीच्या तीन आहेत तशाच. तिथले बोटांनी वाजवणारे गिटारिये हाच सूर लावतात. सैल केलेली खुंटी या अर्थाने त्या वादनाला की होआलु म्हणतात. गिटार हवाईत १८३०च्या सुमारास मेक्सिकोहून आलेल्या गुराख्यांबरोबर आली, आणि पुढे एकेका घराण्याने आपला सूर गुपित ठेवला. आपल्या घराण्यांच्या चिजा लपवण्याच्या गोष्टी आठवतात की नाही?

मांडीवर आडवी घेऊन स्टीलच्या बारने वाजवायची पद्धत त्यानंतरची, जोसेफ केकूकू या ओआहूवरच्या शाळकरी मुलाची. रुळाजवळ सापडलेला बोल्ट त्याने तारेवर घासला अशी गोष्ट सांगतात. पुढे तो ही विद्या घेऊन अमेरिकेत आणि युरोपात फिरला. १९४०च्या दशकात गिटारवादक ताउ मोए आणि त्याचं कुटुंब कोलकात्यात राहून वाजवत-शिकवत होतं. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरांनी हीच मांडीवरची गिटार रागदारीत नेली. म्हणजे सरांच्या माडीपर्यंत ती किती हातांतून आली बघा.

बार नेमका पडद्याच्या तारेवर यायला हवा. दोन पडद्यांच्या मधे, उभ्या गिटारवर बोट ठेवतो तिथे, ठेवलात तर सूर उतरेल. नजर सरळ वरून टाका, तिरकी नाही. मागच्या बोटांनी बारच्या पाठीमागच्या तारा हलक्या दाबून धरा, नाहीतर किरकिर येते. जी मेजरमध्ये मोकळ्या तारा किंवा बारावा पडदा म्हणजे घर, पाचवा पडदा म्हणजे सी, सातवा म्हणजे डी. 'आलोहा ओए'चं ध्रुपद पाचवर सुरू होतं, बारावर येतं, सातवर जातं, पुन्हा बारावर. तेवढंच दोनदा. पहिल्या आठवड्यात सूरावट नको, नुसते हे चार मुक्काम आणि तोंडाने शब्द.

आणि आता आपली खोड. आपण प्रत्येक दोन सुरांमधे मींड काढतो. रागात ती शोभते. हवाईच्या गाण्यात सगळीकडे बार ओढलात तर म्हातारी रडतेय असं वाटतं. ओळीत एकदा सरकवा, गाणारा ज्या शब्दावर टेकतो तिथे. ती जागा गिटारवर सापडत नाही, गाणाऱ्यांकडून घ्यावी लागते. लीना मचाडो ऐका. आवाज खालून वर जाताना मधेच फुटतो आणि ती तो फुटू देते, लपवत नाही. बारही तसाच उडाला पाहिजे. शेवटच्या सुराला बाराव्या पडद्यावर तळहाताची कड अलगद टेकवून तार छेडा आणि हात लगेच उचला. घंटेसारखा नाद येतो. आमच्या सरांना हे येत होतं, ते त्याला "चांदणं" म्हणायचे.

दोन कडव्यांच्या मधे एक छोटी भरणी असते, तिला व्हॅम्प म्हणतात. दोन मात्रा दुसऱ्या पडद्यावर, दोन सातव्यावर, चार बाराव्यावर, आणि तेच पुन्हा एकदा. हुला या तिथल्या नाचाच्या गाण्यात प्रत्येक कडवं सहसा दोनदा म्हणतात, मधल्या भरणीत नाचणाऱ्याला दम मिळतो. शेवटच्या कडव्यात 'हाइना' हा शब्द आला की समजायचं, गाणं आटोपतंय. सांगायचं ते सांगून झालं, असा त्याचा भाव. अभंगात "तुका म्हणे" आलं की टाळकरी सावध होतात, तसंच. फरक एवढाच की हाइनात कवी स्वतःचं नाव घालत नाही, बहुतेकदा गाणं ज्याच्यासाठी बांधलं त्याच्याकडे बोट दाखवतो.

पुढची गाणी कोणती घ्यावीत? राणीची भावंडंही गाणी रचायची. भाऊ कालाकाउआ राजा होता, त्याच्या शब्दांना हेन्री बर्गर या बँडमास्तराने चाल लावली आणि ते हवाईचं राष्ट्रगीत झालं. (हा राजा १८८१ साली जगाच्या सफरीवर असताना कोलकात्याहून रेल्वेने मुंबईला आला होता. तेव्हाच्या मार्गाने आला असेल तर ठाणे स्टेशनावरून गेला असणार. फलाटावर कुणाला पत्ताही नसेल.) इर्मगार्ड फार्डेन अलुलींचं 'पुआमाना' सोपं आणि निर्मळ आहे, लाहाइनातल्या त्यांच्या माहेरच्या घरावरचं. माहेरावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांच्या देशात ते लगेच रुजतं. चार्ल्स किंगचं 'के काली नेई आउ' १९२६चं. पुढे इंग्रजी शब्द चिकटवून त्याचं लग्नाचं गाणं केलं गेलं, पण मूळ शब्द सांगतात, मी इथे वाट पाहतोय. लग्नात वाजवायला कुणी सांगितलं तर वाजवा, मनात मूळ ठेवा. इस्राएल कामाकाविवोओले हा गायक सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्यावर मी वेळ घालवत नाही. युकुलेलेवरही नाही. ती वेगळी विद्या, पोर्तुगीज मदेराहून १८७९ साली आलेल्या सुतारांची, आणि सध्या मॉलमध्ये प्लॅस्टिकची मिळते ती घेऊ नका एवढंच सांगेन.

शेवटचा धडा गिटारचा नाही, तरी मी तो सोडत नाही. हवाईत गीतकाराला हाकु मेले म्हणतात. मेले म्हणजे गाणं. हाकु म्हणजे रचणं, आणि फुलंपानं गुंफून माळ करण्यालाही हाकुच म्हणतात. हे कळलं त्या दिवशी मला आमची ओवी आठवली. ती ओवण्यावरूनच आली. म्हणून माझ्याकडे गाणं बसवून झालं की प्रत्येकाने ठाण्यावर दोन ओळी ओवायच्या. त्यात एक ठिकाण हवं, पावसाचं किंवा वाऱ्याचं नाव हवं, एक फूल हवं, आणि पहिल्या ओळीचं टोक दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला अडकवायचं, तिथले जुने कवी करायचे तसं. मासुंदा, कोपिनेश्वर, खाडीतले रोहित पक्षी, सगळं चालेल. ट्रॅफिक चालणार नाही. ट्रॅफिकवर सगळ्यांनाच सुचतं.

आमच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा दोन आठवडे काही लिहून आणेना. परवा आला, वही उघडी ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. वहीत होतं:

मघाचा पाऊस येऊरच्या उतारावर,
उतारावरचा तेरडा वाट पाहतो.

मी म्हटलं, "अरे, तेरड्याचा रंग तीन दिवस असतो, माहितीय ना?"

"माहितीय," तो म्हणाला. "म्हणूनच तेरडा घेतला."

कान लाल झाले होते. तेरडा कोण ते मी विचारलं नाही. पाचवर बार ठेव म्हटलं, आणि आम्ही त्याच्या दोन ओळी 'आलोहा ओए'च्या चालीवर दोनदा म्हणून घेतल्या.